नेरुळचा रीफ टँक: व्हर्मेटिड कुठवर आटोक्यात आले

माझ्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, झोआंच्या (प्रवाळांच्या नात्यातले फुलासारखे प्राणी) दगडावरच्या व्हर्मेटिडच्या बहुतेक नळ्या बंद झाल्या आणि मिटून बसलेले झोआ पुन्हा पूर्ण फुलायला लागलेत. ओव्हरफ्लो बॉक्समध्ये (टँकचं वरचं पाणी ज्यात उतरतं तो प्लास्टिकचा डबा) मात्र व्हर्मेटिडचंच राज्य आहे, आणि ते मी त्यांना देऊन टाकलंय.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. व्हर्मेटिडची नळी किड्याची नाही, समुद्री गोगलगायीची आहे. पिल्लू असताना कवच साध्या शंखासारखं वेटोळं असतं. एकदा दगडाला कायमचं चिकटलं, की पुढे वाटेल तसं वाकडंतिकडं वाढतं. जागचं हलता येत नाही, म्हणून ती चिकट स्रावाचं जाळं पाण्यात सोडते. त्यात अन्नकण अडकले की जाळ्यासकट ओढून गिळते. पंप बंद करून चिमूटभर बारीक खाणं टाका आणि टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर व्हर्मेटिड. पिसांचा तुरा बाहेर आला तर ट्यूबवर्म, बिनविषारी बिचारा, त्याला राहू द्या.

धागे प्रवाळांवर पसरले की प्रवाळ आक्रसतात. हे नुसतं टँकवाल्यांचं रडगाणं नव्हे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोओरिया बेटावरच्या 2010 च्या अभ्यासात व्हर्मेटिडमुळे प्रवाळांच्या सांगाड्याची वाढ 81 टक्क्यांपर्यंत घटलेली आढळली.

उपाय म्हणाल तर दगड बाहेर काढायचा, नळीचं तोंड टिपून कोरडं करायचं आणि जेल सुपरग्लूचा थेंब. नुसती नळी तोडू नका. प्राणी आत खोल सरकतो आणि तुटक्या काठावरून पुन्हा बांधकाम काढतो. वर त्या कडा बोट कापतात ते वेगळंच. मादी अंडी नळीतच सांभाळते आणि काही जातींची पिल्लं रांगतच बाहेर पडून शेजारी ठाण मांडतात. एक नळी दिसली की आजूबाजूचा भाग नीट तपासायचा तो यासाठी.

पण खरा फरक ग्लूने पडला नाही, खाण्याने पडला. कोरल पावडर (प्रवाळांचं पूड खाणं) बंद केली, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) गाळणीत धुऊनच टाकतो. तेव्हापासून मागच्या काचेवर नवीन नळ्या क्वचित दिसतात. ओव्हरफ्लोत मात्र सगळं उरलंसुरलं वाहून येतं, जागा कडक आणि मोकळी, वर प्रवाह कायम. तिथे प्रवाळ नाहीत, म्हणून माझी हरकत नाही. फ्लोरिडात कृत्रिम रीफ म्हणून 2009 मध्ये बुडवलेल्या वँडेनबर्ग जहाजावरही यांची वस्ती झाली. त्यातली एक जात विज्ञानाला नवी निघाली, 2017 मध्ये तिचं नामकरण झालं. त्यांना जहाज चालतं, तर आपला प्लास्टिकचा डबा का नाही?

खाडीकडचे दगड आणून टँकमध्ये टाकायची कल्पना काहींनी मांडली होती. माझ्या मते नकोच. त्यावर कालवं आणि बार्नेकल तर येतीलच, शिवाय खाडीचा गाळही येईल.

व्हर्मेटिड खातात म्हणून काही जण टँकमध्ये सोडतात त्या बंबलबी शंखांवर (छोट्या समुद्री गोगलगायी) माझा भरवसा बसलेला नाही. माझ्याकडचे नळ्यांवरून निवांत फिरतात आणि जेवायला वाळूत उतरतात. कोणी त्यांना व्हर्मेटिड खाताना प्रत्यक्ष पाहिलं असेल, तर टँक किती लिटरचा आणि खाणं किती पडतं, दोन्ही सांगा. पुढच्या पाणीबदलाला मधला मोठा दगड काढणार आहे.