जेवणाआधी अख्खी तुकडी

आज दुपारी वॉरहॅमर या युद्धखेळातल्या ऑर्क राक्षसांच्या छोट्या मूर्ती टेबलावर मांडल्या आणि रात्रीच्या जेवणाआधी अख्खी तुकडी रंगून तयार! फार आनंद झालाय, म्हणून लिहितोय.

पद्धत 'स्लॅपचॉप'. आधी काळा प्रायमर, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी, शेवटी फक्त उंचवट्यांवर पांढरा. (पावसाळ्यात स्प्रे प्रायमर नको. दमट हवेत थर खरखरीत बसतो, मी ब्रशनेच लावतो.) एवढ्यात सावली-उजेड तयार होतो. वरून पारदर्शक रंगाचा एकच हात. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट रंग आणले ते याचसाठी: रंग खाचांत साठून गडद होतो, उंचवट्यांवर फिका राहतो. कातडीच्या सुरकुत्या, दात, पट्ट्यांच्या कडा, सगळं उठून येतं. ही जादू कितीही वेळा बघितली तरी मन भरत नाही.

झटपट रंगवणं म्हणजे उरकणं, असं काही जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. वेळ कमी असला की कुठे थांबायचं ते ठरवावंच लागतं. आज चेहरे आणि हत्यारांना वेळ दिला, पाठीवरच्या पिशव्या एकाच रंगात सोडल्या. ३२ मिमीच्या तळावर उभी मूर्ती खेळताना हातभर अंतरावरून दिसते, आणि नजर आधी चेहऱ्याकडेच जाते.

उद्या तळांवर वाळू चिकटवायची, मग मॅट वार्निश. पुण्यात कुणी खेळत असेल तर कळवा, एक डाव मांडूया.