मोदक खाल्ले म्हणजे नांदला का?

"नवरा सोडून गेला ती तारीख सांगा," वकीलबाई म्हणाल्या. मला आठवत होतं ते फक्त उतू गेलेलं दूध. शेवटी गॅस सिलिंडरच्या पावतीवरून तारीख लावली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घटस्फोटाच्या अर्जाआधी सलग दोन वर्षं त्याने सोडलेलं हवं, तेही सबळ कारणाशिवाय, माझ्या मर्जीविरुद्ध. (१९७६ च्या दुरुस्तीआधी एवढ्यावर थेट घटस्फोट मिळतच नव्हता, न्यायिक विभक्तता मिळायची, म्हणजे लग्न कायम, फक्त वेगळं राहायची कोर्टाची मुभा.) नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, परत न नांदण्याचा इरादाही दाखवावा लागतो. मधे गणपतीत तो चार दिवस येऊन गेलेला. "एकत्र राहिलात?" वकीलबाईंनी विचारलं. कसलं हो! मोदक खाल्ले, हॉलमध्ये झोपला. सासूबाई मात्र त्यालाच नांदणं म्हणतायत.