मे महिन्यातलं कान्हा: गेट एक, सफाऱ्या तीन

उन्हाळ्यातलं जंगल म्हणजे पानगळ झालेला साग, पांढरी पडलेली माती आणि पाणवठ्यावर येणारा वाघ, हे चित्र ताडोबा-पेंचने आपल्या डोक्यात पक्कं करून ठेवलंय. मध्य प्रदेशातलं कान्हा त्यात बसत नाही. इथे साल आहे. सालाची जुनी पानं गळत असतानाच नवी पालवी येते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येच झाडं पुन्हा भरलेली असतात आणि मे महिन्यात मुक्की गेटमधून आत शिरलं की दोन्ही बाजूंना चक्क गर्द सावली मिळते. मेमधली सहल म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्या आमच्या काकूही पहिल्याच सकाळी गप्प झाल्या.

सावली मिळते म्हणून ऊन कमी असतं असं नाही. दुपारी पारा चाळिशी सहज ओलांडतो. मजा अशी की पहाटे उघड्या जीपमध्ये गवताळ मैदानाच्या कडेने जाताना पातळ विंडचीटर लागतंच. घ्या बरोबर, घडी करून मांडीखाली ठेवता येतं.

आता मुद्द्याचं. कान्हा राष्ट्रीय उद्यान ९४० चौरस किलोमीटरचं आहे, शिवाय भोवती बफर, म्हणजे राखीव पट्टा. मंडला आणि बालाघाट अशा दोन जिल्ह्यांत ते पसरलंय. दोन-तीन दिवसांच्या सहलीत ‘सगळं कान्हा’ बघायचा हट्ट धरला की निम्मा वेळ रस्त्यावर जातो. आत शिरायची मुख्य गेटं तीन: खटिया उत्तर-पश्चिमेला मंडल्याच्या बाजूला, मुक्की दक्षिणेला बालाघाटच्या बाजूला, आणि तिसरं सरही. खटियाहून मुक्कीला बाहेरून जायचं तर जंगलाला वळसा घालावा लागतो, दोन तास तरी धरा. म्हणून आधी गेट ठरवा, मग त्याच गेटजवळ राहायची सोय बघा, आणि ट्रेन-गाडी सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलट करतात: स्वस्त हॉटेल दिसलं म्हणून खटियाला खोली घेतात आणि सफारीचे परवाने मुक्कीचे मिळतात. मग पहाटे साडेतीनला उठून धावाधाव.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांना मी मुक्कीच सुचवेन. मुंबई-नाशिककडच्यांना विदर्भ एक्स्प्रेसने थेट गोंदियाला उतरता येतं. पुढे बालाघाट, बैहर, मुक्की असा गाडीरस्ता आहे, साधारण दीडशे किलोमीटर. बालाघाट सोडल्यावर घाट लागतो, वळणं भरपूर, उलटीची गोळी लागणाऱ्यांनी ती आधीच घ्यावी. नागपूरहून स्वतःची गाडी असेल तर सहा तास धरा. पेट्रोल आणि रोख रक्कम यांची सोय बालाघाटात नाही तर बैहरला करून टाका, पुढे रेंजचा भरवसा नाही आणि ऑनलाइन पैसे अडकले की गेटवर रांग मागे खोळंबते. जबलपूरहून येणार असाल तर मात्र खटिया सोयीचं.

परवान्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. मध्य प्रदेश वनविभागाच्या पोर्टलवर आरक्षण होतं. परवान्यावर गेट आणि झोन (जंगलाचा कुठला भाग) दोन्ही लिहिलेले असतात, दोन्ही वाचा. जीपमध्ये सहा पर्यटक बसतात. परवाना, जिप्सीचं, म्हणजे त्या उघड्या जीपचं, भाडं आणि गाइडचं मानधन हे तीन वेगवेगळे खर्च आहेत; ऑनलाइन भरलेले पैसे म्हणजे फक्त पहिला. दर बदलत राहतात, तेव्हा आकडे जाण्याआधी पोर्टलवरच तपासा. आरक्षणात जे ओळखपत्र टाकलं तेच, तेही मूळ, गेटवर दाखवावं लागतं. आमच्या पुढच्या जीपमधल्या एका आजोबांकडे आधारची झेरॉक्स होती. मुलगा गाडी पळवत रिसॉर्टवर जाऊन मूळ कार्ड घेऊन आला, तोवर सफारीतला सर्वांत चांगला अर्धा तास संपला होता. मे महिना शाळांच्या सुट्ट्यांचा, त्यामुळे शनिवार-रविवार फार आधी भरतात, सोमवार-मंगळवार बघा. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, हे विसरून बुधवार मधला दिवस ठेवू नका. आणि पार्क १ जुलैपासून पावसाळ्यासाठी बंद होतं, तेव्हा जूनअखेरचा बेत पावसाच्या जिवावर असतो.

दोन रात्री आणि तीन सफाऱ्या, माझ्या मते हे माप बरोबर आहे. ज्या दिवशी पोचता त्या दुपारची सफारी घेऊ नका. ट्रेन उशिरा आली की परवाना पाण्यात. दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपार दोन्ही, तिसऱ्या दिवशी सकाळ. मधल्या वेळात जेवा आणि झोपा. रोज दोन अशा चार-पाच सफाऱ्या घेणारे लोक मी बघितलेत, शेवटच्या सफारीला जीपमध्ये पेंगत असतात.

वाघ? दिसतो, आणि नाहीही दिसत. पण कान्हाला जाऊन बारशिंगा हे हरीण नीट बघितलं नाही तर मात्र पैसे फुकट गेले असं मी म्हणेन. कडक जमिनीवर राहणारी ही बारशिंग्याची उपजात १९७० मध्ये कान्हात फक्त ६६ उरली होती. कुंपण घातलेल्या क्षेत्रात त्यांची पैदास झाली, गवताळ मैदानं राखली गेली, आणि आज इथून बारशिंगे सातपुडा आणि बांधवगडलाही नेऊन सोडलेत. मैदानं म्हणजे तरी काय, बरीचशी इथून हलवलेल्या गावांची जुनी शेतजमीन. सोंफचं मैदान असंच एका गावाच्या जागी उभं आहे. बैगा आणि गोंड आदिवासींनी सोडलेल्या घरांवर आपली सफारी चालते, हे गाइडसमोर गप्पा मारताना लक्षात असावं. अनेक गाइड याच गावांतले असतात.

आमच्या गाइडने सोंफच्या कडेला इंजिन बंद करायला लावलं आणि आम्ही नुसते बसून राहिलो. चितळांचा कळप चरत होता. एक मादी थांबली, मान ताठ, शेपूट वर, पुढचा एक पाय जमिनीवर आपटला. मग दुसरीने. वरच्या जांभळावरचं वानर खोकल्यासारखं ओरडलं. ‘कॉल है,’ गाइड पुटपुटला, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा. दहा मिनिटांनी सगळे परत चरायला लागले. वाघ गवतातून गेला असेल, आम्हाला कानाचं टोकसुद्धा दिसलं नाही. भाचा हिरमुसला, पण दुपारी त्यानेच आधी सांबराचा आवाज ओळखला. तेव्हा ड्रायव्हरला ‘वाघ दाखवा’ म्हणून घाई करू नका. घाई केलीत की तो दुसऱ्या जिप्सींच्या मागे धावतो, आणि मग धूळ तेवढी दिसते.

दुपारच्या सफारीत वळीव गाठू शकतो. आम्हाला गाठला: चारच्या सुमारास काळोखी आली, वारा सुटला, सालाच्या पानांचा आवाज इतका की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, आणि मग टपोरे थेंब. उघड्या जीपमध्ये कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि माणसांना पोंचो नसेल तर पळवाट नाही. पाऊस वीस मिनिटांत सरला. त्यानंतर रानगवे रस्त्याच्या कडेला आले, ओल्या अंगाने अधिकच काळे दिसणारे, पायात पांढरे मोजे. बम्हनी दादरच्या पठारावरही गवे दिसतात. तुमच्या झोनमधून तिथे जाता येतं का हे गाइडला सुरुवातीलाच विचारा. श्रवण ताल या तळ्याबद्दलही असंच विचारून घ्या. श्रावणबाळाची गोष्ट इथेच घडली असं स्थानिक मानतात.

पक्षीवेड्यांसाठी मे सोन्यासारखा. स्वर्गीय नर्तक विणीला आलेला असतो, महिनाअखेरीस नवरंगाची दुहेरी शीळ ऐकू येते, आणि पावशा तर दिवसभर ‘पेरते व्हा’ करत डोकं खातो.

सामानात मळकट रंगाचे सुती कपडे, नाकातोंडावर बांधायला मोठा पंचा (रुमाल पुरत नाही), माणशी दोन लिटर पाणी आणि इलेक्ट्रालची पाकिटं. कोअरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलात, मोबाईल वापरायला आता बंदी आहे, तेव्हा फोटो हवे असतील तर वेगळा कॅमेरा न्या. नाश्ता रिसॉर्टवाले डब्यात देतात. खाली उतरायला परवानगी ठराविक जागीच आहे, आणि तिथली माकडं पोळीची पिशवी ओळखतात.

परतीचं एक लक्षात ठेवा. सकाळची सफारी अकराच्या आसपास संपते आणि विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारी सुटते. दोन्ही एका दिवशी जमत नाहीत. रात्रीची गाडी बघा, नाही तर नागपूरपर्यंत गाडीने येऊन तिथून निघा. बालाघाटात जेवायला थांबलात तरी त्यात वेळ पुरतो.