तुम्ही विचारलंत म्हणून : दबाव कोणाचा होता?

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, म्हणून त्या तारखेला ठाण्यात कुठे ना कुठे पत्रकार दिनाचा कार्यक्रम असतो आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाला पुढच्या रांगेत बसवले जाते. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हमखास जवळ येतो आणि आवाज थोडा खाली आणून विचारतो की, तुमचे साप्ताहिक चालू होते तेव्हा तुमच्यावर दबाव कोणाचा होता? विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेले असते. त्याला फक्त नाव हवे असते आणि ते एखाद्या नगरसेवकाचे किंवा बिल्डरचे असावे, अशी त्याची अपेक्षा असते. आजवर मी हसून वेळ मारून नेली, कारण ते उत्तर हातात कप धरून उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. आता सवडीने लिहितो आहे. साप्ताहिकाचे नाव मात्र लिहीत नाही. त्यावरून माझे जुने भागीदार ओळखता येतील आणि त्यांची बाजू मांडायला ते येथे नाहीत.

आम्ही पाच जण होतो. एक वास्तुविशारद, एक सनदी लेखापाल, एक महाविद्यालयात शिकवणारा, एकाचे जांभळी नाक्यावर दुकान, आणि मी, ज्याने मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून दुसऱ्यांच्या बातम्यांना मथळे देण्यात उमेदीची वर्षे घालवली होती. ठाण्याला स्वतःची वृत्तपत्रे नव्हती असे मुळीच नाही. काशिनाथ विष्णू फडके यांनी 'अरुणोदय' येथून १८६६ मध्ये काढले, म्हणजे 'केसरी'च्या पंधरा वर्षे आधी. आणि आमच्या काळातही गावात स्थानिक दैनिके नेमाने निघत होती. परंतु तलावपाळीच्या भोवतालचे जुने ठाणे आणि घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभे राहत असलेले नवे ठाणे यांची एकमेकांशी ओळखच नव्हती. मानपाडा किंवा कासारवडवलीला राहायला आलेल्या माणसाला आपला प्रभाग कोणता, पाणी कुठून येते, नाला कोणी बुजवला, हे सांगणारे कोणी नव्हते. महापालिकेच्या सभागृहात काय ठरले, ते प्रभागात कसे उतरले, एवढेच आठवड्यातून एकदा नीट छापायचे, इतकी साधी आमची कल्पना होती. ती आजही मला चुकीची वाटत नाही.

तेव्हा १८६७ चा मुद्रण कायदा लागू होता. आधी शीर्षकाची पडताळणी, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर डिक्लरेशन, म्हणजे वृत्तपत्र कोण काढतो याचे घोषणापत्र, आणि साप्ताहिक असेल तर डिक्लरेशन मान्य झाल्यापासून सहा आठवड्यांत पहिला अंक निघालाच पाहिजे, नाहीतर सारे पुन्हा पहिल्यापासून. त्या कायद्यात संपादकाची व्याख्या एका ओळीची होती: वृत्तपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते, तो संपादक. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाकावर बसून मी ती ओळ वाचली आणि पुढच्या कागदाकडे वळलो. मालक पाच जण, प्रकाशक व संपादक मी; प्रकाशक हाच एकटा मालक नसेल तर मालकांचे लेखी अधिकारपत्र जोडावे लागते, ते चौघांनी आनंदाने सह्या करून दिले. कोणी कोणती बातमी घ्यायची किंवा थांबवायची, याविषयी मात्र आम्ही एक ओळही लिहून ठेवली नाही. मित्रांमध्ये काय लिहायचे, असे तेव्हा वाटले.

अंक आठ पानी, टॅब्लॉइड आकाराचा. मंगळवारी रात्री पाने लागत, ती वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात जात, प्लेटा निघत आणि बुधवारी पहाटे गठ्ठे ठाणे स्थानकाबाहेरच्या विक्रेत्यांकडे पोहोचत. अंकाच्या किमतीत विक्रेत्याचे कमिशन वजा जाता कागदाचाही खर्च सुटत नाही, हे वृत्तपत्राच्या धंद्यातले पहिले गणित आहे. बाकीचे सारे जाहिरातींवर. आमच्याकडे वकिलांच्या जाहीर नोटिसा येत, नाव बदलल्याच्या छोट्या जाहिराती येत, गणपती-दिवाळीच्या शुभेच्छा येत आणि वाढदिवस येत. एका वाढदिवसाच्या अर्ध्या पानात उत्सवमूर्तीच्या छायाचित्राखाली चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे बसवण्याचे कसब आमच्या डीटीपी ऑपरेटरकडे होते आणि खरे सांगायचे तर त्या चाळीस चेहऱ्यांनी आमचे कितीतरी अंक तारले.

आता तुमच्या प्रश्नाकडे. बाहेरचा दबाव आला का? आला, एकदा. पावसाळ्यापूर्वीच्या नालेसफाईत गाळ उचललाच गेला नाही, अशी छायाचित्रांसह बातमी आम्ही दिली, तेव्हा एका पदाधिकाऱ्याच्या माणसाने दूरध्वनी करून पुढच्या अंकात खुलासा मागितला आणि बोलता बोलता दिवाळीच्या जाहिरातीची आठवण करून दिली. आम्ही खुलासा छापला, बातमी मागे घेतली नाही आणि ती जाहिरात गेली. त्या रात्री आम्ही पाचही जण गडकरी रंगायतनच्या बाहेर वडापाव खात बराच वेळ हसत उभे होतो. असा दबाव माणसाला एकत्र आणतो. समोर कोण उभा आहे, हे स्पष्ट दिसत असते, आणि नाही म्हटल्यावर आपली किंमत स्वतःच्याच नजरेत थोडी वाढते.

पुढे आमची एक बातमीदार घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलाच्या मागे लागली. तेथील रहिवाशांना ताबा मिळून दोन वर्षे झाली होती, पण इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला, नव्हते, त्यामुळे महापालिकेची नियमित नळजोडणी नव्हती आणि सारी सोसायटी टँकरवर जगत होती. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याखेरीज खरेदीदाराला ताबा देऊ नये, असे १९६३ चा सदनिकांविषयीचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, स्पष्ट सांगतो. बातमीदाराने टँकरच्या पावत्या महिन्यावार लावल्या होत्या, ताब्याची पत्रे मिळवली होती, बांधकाम करणाऱ्या कंपनीला लेखी प्रश्न पाठवून त्यांचे दोन ओळींचे उत्तरही घेतले होते. नवख्या मुलीने इतके नेटके काम केलेले मी मुंबईतही क्वचित पाहिले होते.

आमच्या वास्तुविशारद मित्राचे त्या संकुलाशी काही देणेघेणे नव्हते. त्या कंपनीचा एक भागीदार मात्र दुसऱ्या एका कामात त्याचा अशील होता. मित्राने "छापू नकोस" असे कधीही म्हटले नाही, हे मला आवर्जून नोंदवायचे आहे. तो म्हणाला, "अरे, थोडी आणखी शहानिशा करू या." यात नाही म्हणण्यासारखे काय होते? आणखी शहानिशा झाली. मग लेखापाल मित्राने सुचवले की, अशा मोठ्या बातम्या सोमवारी रात्री पाचही जणांनी वाचाव्यात, म्हणजे जबाबदारी सर्वांची राहील. हेही रास्त वाटले. पाच डोकी एका डोक्यापेक्षा बरी. पहिल्या सोमवारी कंपनीची बाजू अपुरी वाटली, दुसऱ्या सोमवारी एक जण गावी गेला होता, तिसऱ्या सोमवारी मथळा भडक ठरला. तोवर जून उजाडला, पाऊस सुरू झाला, आणि टँकरची बातमी पावसात कोण वाचणार, असे मीच म्हणालो. हो, हे वाक्य माझे आहे.

कोणाचा दबाव, असे तुम्ही विचारता तेव्हा मला हा तिसरा सोमवार आठवतो. त्यानंतर मी एक नवीन सवय लावून घेतली, जी माझ्या लक्षात यायला पाच-सहा महिने गेले: बातमी हाती आली की ती सोमवारी कुठे अडेल याचा अंदाज घेऊन, तेवढा भाग मी आधीच काढून टाकू लागलो. बैठकीत वाद कमी होऊ लागले आणि सगळ्यांना वाटले की, आता आपले जमले. बातमीदार मुलीने एकदा विचारले, "सर, हे वाक्य चूक आहे का?" मी म्हणालो, "नाही, पण नको." तिने पुन्हा विचारले नाही आणि दिवाळीनंतर ती दुसरीकडे नोकरीला लागली. मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण तो संपादक, या कसोटीला मी तेव्हा उतरत नव्हतो, आणि ते नियंत्रण कोणी हिसकावून घेतले होते असेही म्हणता येत नाही. दर सोमवारी थोडे थोडे मीच देऊन टाकले होते.

भांडण झाले ते वेगळ्याच निमित्ताने. एका बुधवारी सकाळी स्थानकाबाहेर अंक उघडला, तर तिसऱ्या पानावर मी लावलेल्या बातम्यांच्या जागी एका खासगी क्लासचा अर्धे पान स्तुतिलेख होता, आमच्याच टाइपात, आमच्याच मथळ्याच्या धाटणीत, आणि 'जाहिरात' हा शब्द कुठेही नाही. दुकानदार मित्राने मंगळवारी रात्री मी गेल्यानंतर ऑपरेटरला सांगून पान बदलले होते. ऑपरेटरचा पगार तोच देत असे, त्यामुळे त्या पोराचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. 'पेड न्यूज' हा शब्द २००९ च्या निवडणुकांनंतर सर्वांच्या तोंडी आला आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने त्यावर अहवालही काढला. आमच्याकडे हा प्रकार त्याआधीच आणि फारच किरकोळ रकमेत घडून गेला होता. महिन्याभरात एका स्पर्धक क्लासची वकिली नोटीस आली, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतील बदनामीच्या कलम ४९९ आणि ५०० ची. त्या लेखात निकालांची तुलना केली होती म्हणे. नोटिशीवर नाव फक्त माझे होते, कारण शेवटच्या पानाच्या तळाला बारीक अक्षरांत जी प्रिंट लाइन असते, तीत संपादक म्हणून, आणि बातम्यांच्या निवडीस कायद्यानुसार जबाबदार म्हणून, माझेच नाव होते. जे पान मी पाहिलेसुद्धा नव्हते, त्याच्या निवडीस मी जबाबदार होतो.

नोटीस पुढे पत्रव्यवहारातच विरली, पण मी एक कागद तयार केला. अंकाची किंमत, पाने, पगार, संपादकाची नेमणूक आणि त्याला काढणे, हे मालकांनी ठरवावे; अंकात काय जाईल हे संपादकाने; जाहिरात ही जाहिरात म्हणून ओळखू आली पाहिजे; आणि संपादकाच्या सहीशिवाय छापखान्याने पान घेऊ नये. तेव्हा मार्च महिना होता. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात प्रत्येक वृत्तपत्राला फॉर्म नंबर चार छापावा लागे, ज्यात मालकांची आणि एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागीदारांची नावे असतात. आमची पाच नावे त्याच आठवड्यात छापून आली होती आणि लेखापाल मित्राने नेमके त्यावर बोट ठेवले: "पैसे पाचांचे, आणि शब्द एकाचा? उद्या तू काही छापलेस आणि दावा लागला, तर नुकसान भरायला आम्ही आहोतच ना?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते आणि आजही पूर्ण उत्तर आहे असे वाटत नाही. त्याला मी एवढेच म्हणालो की, मला काढण्याचा अधिकार तुमच्याकडेच ठेवला आहे. तो वापरा, पण पानाला हात लावू नका.

प्राध्यापक मित्र तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "आगरकरांनी काय केले? 'केसरी'चे पहिले संपादक तेच, पण पटेनासे झाले तेव्हा १८८७ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. तूही काढ." सगळे हसले, मीही हसलो. आगरकर आणि टिळक यांच्यातला वाद समाजसुधारणेच्या भूमिकेचा होता आणि आमचा एका क्लासच्या अर्ध्या पानाचा, हा फरक त्यालाही कळत होता. पण मला काढण्यापेक्षा मीच बाहेर पडणे त्यांना सोयीचे वाटते आहे, हे मला त्या हसण्यातून कळले.

कागदावर सह्या झाल्या नाहीत. मी प्रकाशक आणि संपादक ही दोन्ही नावे मागे घेतली, त्यांनी नव्याने डिक्लरेशन केले, प्रिंट लाइनमध्ये दुसरे नाव आले. अंक आणखी वर्षभर निघाला. मग आठाची चार पाने झाली, मग एका आठवड्याआड, मग बंद. भांडवलातला माझा वाटा मला परत मिळाला, तोही व्याजाशिवाय का होईना, पण वेळेवर. वास्तुविशारद मित्राने स्वतः घरी आणून दिला. आम्ही अजूनही मराठी ग्रंथसंग्रहालयात कधीमधी भेटतो. तो आजही "शहानिशा" हा शब्द वापरतो आणि मी आजही त्याच्याकडे बघतो.

यंदाच्या चहाच्या टेबलापाशी कळव्याची एक मुलगी भेटली. ती आणि तिचे दोन मित्र ठाण्याच्या बातम्यांचे स्वतःचे वृत्तसंकेतस्थळ सुरू करत आहेत आणि पुढे छापील पाक्षिकही काढायचे म्हणतात. वृत्तपत्र नोंदणीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला, दंडाधिकाऱ्यांपुढचे डिक्लरेशन गेले, अर्ज आता ऑनलाइन होतो, हे सारे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होते. तिनेही तोच प्रश्न विचारला, दबाव कोणाचा असतो म्हणून. मी तिला उलट विचारले, "शेवटचे पान कोण पाठवतो?"

"पान नसते सर, पासवर्ड असतो."

"तो कोणाकडे?"

"तिघांकडे," ती म्हणाली. मी तिच्यासाठी आणखी एक चहा मागवला आणि बसायला खुर्ची ओढली.