तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर भाड्याने देऊन सुटतात किती?

माझा कॉम्प्युटर रात्री इंटरनेटवरून शास्त्रज्ञांची गणितं सोडवतो. तेव्हापासून लग्नात, किराणा दुकानात, रिक्षाच्या रांगेत, सगळीकडे हाच प्रश्न. एकदाच सांगते. वीजबिल धरलं तर काही सुटत नाही. उलट खिशातून जातात.

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच राहिला. मी अंबडच्या कारखान्यांचे हिशेब लिहिते. टॅलीला एवढं तगडं मशीन लागत नाही. म्हणून रात्री ते बॉइंकवर, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरची रिकामी ताकद संशोधनाला देणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ‘आइन्स्टाइन अॅट होम’ या प्रकल्पाला जोडते. कामाचा तुकडा उतरतो, दुर्बिणीच्या नोंदींमध्ये पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओलहरी धाडणारे मृत तारे, शोधायचं गणित चालतं, उत्तर परत जातं. तोच तुकडा दुसऱ्या कुणाकडे तरी गेलेला असतो. दोघांची उत्तरं जुळली की श्रेय, म्हणजे गुण, मिळतं. २०१० मध्ये अशाच घरगुती कॉम्प्युटरांनी एक नवा पल्सार शोधून दिला.

बॉइंक पैसे देत नाही. त्या श्रेयावर ग्रिडकॉइन हे आभासी चलन मिळतं. आता हिशेब बघा: २५० वॉट, रात्रीचे १० तास, महिन्याला ७५ युनिट. आमचं बिल त्यामुळे ३०० युनिटांपुढच्या महागड्या स्लॅबमध्ये जातं. कॉइन विकून नफा झाला तर ३० टक्के कर, आणि वीजबिल त्यातून वजा करता येत नाही.

मग सुरुवातीला ‘मशीन रात्री कमावतं’ असं मीच का सांगत होते? तेव्हाच्या त्या बाईशी मी अजून भांडते. पैशाचं नाव घेतल्याशिवाय लोक ऐकणार नाहीत, असं तिचं म्हणणं.

ते एप्रिलमध्ये खरं ठरलं. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत मीटररूममधली केबल जळाली. अख्खी रात्र इमारत घामाघूम. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग भरली आणि कुणीतरी म्हणालं, “दुसऱ्या मजल्यावर बिटकॉइन काढतात.” सगळ्या माना माझ्याकडे. मी उभी राहिले. म्हटलं, दीड टनाचा एक एसी माझ्या मशीनच्या पाच-सहापट वीज ओढतो, इमारतीत एसी किती आहेत ते मोजा. जॉइंट ढिला होता हे वायरमननेही सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी एवढंच विचारलं, “मग महिन्याला मिळतात किती?”

“चहाचेसुद्धा नाहीत, काका.”

“मग ताई, तुम्ही काहीतरी लपवताय. पदरचे पैसे घालून वीज कोण जाळतं?”

ज्यांच्या सोसायटीची वही मी दरवर्षी एक पैसा न घेता तपासून देते, ते चेअरमन मोबाइलमध्ये बघत बसले. एक शब्द बोलले नाहीत. ते फार लागलं. भरपूर कमावते म्हटलं असतं, तर त्यातल्याच दोघांनी सॉफ्टवेअर कसं टाकायचं ते विचारलं असतं. मुलांना पुणे जिल्ह्यातल्या खोडदला नेऊन रेडिओ महादुर्बिणीच्या तबकड्या दाखवताना ‘यातून सुटतात किती’ असं कुणी विचारतं का?

तरी काकांचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. वीज फुकट येत नाही. तेच पैसे एखाद्या मुलीच्या फीला दिले असते तर? कधी वाटतं, द्यावेत. कधी वाटतं, साड्यांचा हिशेब मला कुणी विचारत नाही, मग याचाच का?

मे महिन्यात मशीन बंद ठेवते, खोली तापते म्हणून. तुम्हाला सुरू करायचं असेल तर आधी बिलावरचा स्लॅब बघा, मग या. सॉफ्टवेअर मी टाकून देईन.