टाइमस्टेप अडला तेव्हा : टोकामॅकच्या कडेचं सिम्युलेशन, माझा अनुभव

टोकामॅक म्हणजे अतितप्त प्लाझ्मा (आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडणारं, कड्याच्या आकाराचं फ्यूजन यंत्र. त्याच्या कडेच्या प्लाझ्माचं सिम्युलेशन करणारा बाउट++ हा कोड बसवणं, ग्रिड (गणितासाठी जागेचे पाडलेले तुकडे) बनवणं यावर सांगण्यासारखं फार नाही, मॅन्युअल वाचून जमतं. ब्लॉबचं द्विमितीय उदाहरण तर लॅपटॉपवरही चालतं: प्लाझ्माच्या जास्त घनतेचा गोळा, म्हणजेच ब्लॉब, चुंबकीय क्षेत्राच्या वक्रतेमुळे भिंतीकडे सरकताना दिसतो.

छळ सुरू झाला तो डायव्हर्टरसकट (कडेची उष्णता आणि कण ज्याच्या प्लेटांवर जाऊन पडतात तो भाग) त्रिमितीय भूमिती घेतल्यावर. जॉब क्लस्टरच्या रांगेत ताटकळायचा, स्टेटस 'पीडी' (थांबलेला), कारण 'प्रायॉरिटी'. रात्री कधीतरी नंबर लागायचा आणि सकाळी लॉग उघडावा तर सिम्युलेशनमधला काळ जागचा हललेला नाही. आरएचएसचा रकाना, म्हणजे समीकरणांची उजवी बाजू किती वेळा काढावी लागली तो आकडा, ओळीगणिक फुगत चाललेला. एरर नाही, जॉब मेलेलाही नाही, वाट्याचे कोअर-तास मात्र जळताहेत. कोड सरळ पडला असता तरी चाललं असतं!

विचारावं त्याचं एकच उत्तर, "टॉलरन्स सैल कर," म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या सॉल्व्हरला थोडी जास्त चूक चालू दे. ते करू नका, दुखणं तिथे नसतंच. शेवटची डम्प फाइल (रनचे साठवलेले आकडे) उघडून सर्वांत कमी घनता कुठे आहे ते आधी शोधा. माझ्याकडे ती एक्स-पॉइंटच्या (चुंबकीय सीमारेषा स्वतःलाच छेदते तो बिंदू) खाली, डायव्हर्टरच्या प्लेटजवळ सापडली. ब्लॉब पुढे सरकल्यावर त्याच्या मागच्या तीव्र उतारावर घनता शून्याला टेकत होती. तापमान काढताना दाबाला घनतेने भागतो, त्यामुळे तिथे तापमान उसळतं. चुंबकीय रेषेच्या दिशेने इलेक्ट्रॉनांची उष्णतावाहकता तापमानाच्या 5/2 घाताने वाढते, म्हणून सॉल्व्हर काळाची पावलं, म्हणजे टाइमस्टेप, आखडत जातो. मुळात ड्युटेरियमचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे 3670 पट जड. सारख्या तापमानाला इलेक्ट्रॉन साधारण 60 पट वेगाने पळतात. त्यात ही भर पडली की ग्रिडमधला एक कोपरा अख्खा जॉब धरून बसतो.

घनतेऐवजी तिचा लॉगॅरिदम सोडवायला घेतला आणि गाडं हललं. लॉगॅरिदम कितीही खाली गेला तरी घनता धनच राहते. आरएचएसचा आकडा हजारांतून शेकड्यांत उतरलेला पाहिला तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. मात्र या रूपात कणांची एकूण संख्या आपोआप जपली जात नाही. स्रोतातून किती आले आणि प्लेटवर किती गेले, हा ताळा अधूनमधून घ्याच.

हे खरं तर आधी सांगायला हवं: टर्ब्युलन्स (प्लाझ्मातली खळबळ) पहिल्याच रनला सुरू करू नका. आधी अक्षसममित (यंत्राच्या अक्षाभोवती सगळीकडे सारखा) रन करून घनता-तापमानाचे प्रोफाइल बसू द्या, मग रन पुढे चालू करायच्या रीस्टार्ट फाइलमध्ये बारीकसा नॉइज घाला. आणि रांगेत पूर्ण 24 तास मागू नका. कमी वेळेचे जॉब मोठ्या जॉबांच्या मधल्या फटीत लवकर लागतात, पुढचं रीस्टार्टवरून चालवता येतं.

एवढा जीव का टाकायचा? फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आयटर या टोकामॅकच्या टंगस्टनच्या प्लेटांवर चौरस मीटरमागे सुमारे 10 मेगावॉट भार येणार आहे. आजच्या यंत्रांवरच्या मापनांचा कल पुढे नेला, तर तिथल्या उष्णतेच्या पट्ट्याची रुंदी जेमतेम 1 मिलिमीटर निघते. एक्सजीसी या दुसऱ्या प्लाझ्मा कोडच्या सिम्युलेशनमधून ती सुमारे 6 मिलिमीटर आली. या फरकात टर्ब्युलन्सचा वाटा किती, हे तपासायला तरी रन शेवटपर्यंत जायला हवा.