तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅम्प कोण, होबो कोण

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर जुने विद्यार्थी भेटले की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, ट्रॅम्प आणि होबो एकच ना?" चूक माझीच. इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षं दोन्ही शब्दांपुढे फळ्यावर 'भटक्या' लिहून मोकळा झालो. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

होबो हा अमेरिकी शब्द, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. तो कशावरून आला यावर तिकडचे पंडित अजून भांडतात. अर्थ मात्र पक्का: होबो कामासाठी फिरतो. गव्हाची कापणी, लाकूडतोड, फळं काढणं. एक हंगाम आटपला की चोरून मालगाडीत चढायचं आणि पुढचा गाठायचा. ट्रॅम्पचं मूळ जड पावलं टाकत चालण्यात. तोही फिरतो, पण कामाला हात लावतो तो अगदीच गळ्याशी आल्यावर. (तिसरा शब्द बम. तो फिरतही नाही आणि कामही करत नाही. आमच्या आळीत दोन आहेत.) आपल्याला कुणी ट्रॅम्प म्हटलेलं होबोला खपत नसे. आयोवातल्या ब्रिट गावी १९०० साली होबोंचा मेळावा भरला होता. त्या गावच्या मेळाव्यात होबोंचे राजा-राणीसुद्धा निवडतात.

आपल्याकडे बघा. हापूसच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं येतात. आंबा संपला की बाग सोडतात. काहीजण मच्छीमार बोटींवर खलाशी असतात. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, की तेही हलले. हा होबोच, फक्त रीतसर तिकीट काढून येणारा. आणि आपण सगळ्यांना सरसकट 'गुरखा' म्हणतो. म्हणजे फळ्यावरची माझी चूक अख्खा जिल्हा करतो.

माझ्या डोक्यातला घोटाळा मात्र त्याहून जुना, घरातलाच. वडील बोटीवर होते. कधी येणार असं शेजारणीने विचारलं की आई म्हणायची, "काय सांगू बाई, ट्रॅम्पवर आहेत." ठरल्या तारखेला ठरल्या बंदरात लागते ती लायनर. ट्रॅम्पला वेळापत्रकच नाही. कोळसा असो, धान्य असो, जिथला माल मिळेल तिथे जायचं. त्यामुळे वडील गणपतीला येणार की शिमग्याला, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. आई दोन्हीची तयारी ठेवायची.

पुढे इंग्रजी शिकल्यावर माझ्या लक्षात आलं की कामामागे फिरणारी बोट ती, तिला ट्रॅम्प कशाला म्हणायचं? ती तर होबो. हा शोध मी मोठ्या उत्साहाने वडिलांना ऐकवला. ते पडवीत सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता न थांबवता म्हणाले, "असेल. पगार मात्र वेळेवर व्हायचा."